एन्लार्जरची लेन्स, डिजिटल कॅमेरा आणि सपाट कागद

(दृश्य: काळ्या कापडावर ठेवलेली 50 मिलिमीटरची लेन्स.)

या लेन्सवर फोकस करण्याची रिंग नाही, अंतराचे आकडे नाहीत आणि कॅमेऱ्याशी जोडणारा एकही विद्युत संपर्क नाही. तिच्यावर ॲपर्चरचे, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचे, 2.8 ते 16 एवढेच आकडे आहेत, मागे बारीक आटे आहेत आणि समोरच्या कड्यावर ‘एल-निक्कोर’ हे नाव कोरलेले आहे. कॅमेऱ्यावर बसवण्यासाठी ती घडवलेलीच नव्हती. तिची जागा डार्करूममधल्या एन्लार्जरमध्ये होती. वर निगेटिव्ह, खाली ब्रोमाइड पेपर आणि मधे ही लेन्स, अशा मांडणीत ती निगेटिव्हवरची लहानशी प्रतिमा कागदावर मोठी करून उमटवीत असे. फोकस करण्याचे काम एन्लार्जरचा भाता वरखाली करून होत असल्यामुळे लेन्सला स्वतःची फोकस रिंग असण्याची गरजच नव्हती.

एन्लार्जरमध्ये निगेटिव्ह सपाट असते आणि कागदही सपाट असतो. त्यामुळे मध्यभाग आणि चारही कोपरे एकाच वेळी, एकाच प्रतलात स्पष्ट उमटणे ही या लेन्सची पहिली कसोटी असे. साध्या कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये प्रतिमेचे प्रतल किंचित वक्र राहिले तरी चालून जाते, कारण समोर माणूस असतो, झाड असते, देऊळ असते, आणि कोपऱ्यातल्या पानाची कड थोडी मऊ झाली तर कोणाचे लक्ष जात नाही. एन्लार्जरच्या लेन्सला ही सवलत नव्हती. निगेटिव्हवरचे चांदीचे कणसुद्धा प्रिंटच्या चारही कोपऱ्यांत दिसले पाहिजेत, अशी अपेक्षा असे. शिवाय कृष्णधवल ब्रोमाइड पेपर मुख्यतः निळ्या प्रकाशाला संवेदनशील असतो, तर फोकस मात्र डोळ्याने, म्हणजे प्रामुख्याने पिवळ्या-हिरव्या प्रकाशात साधावा लागतो. या दोन्ही रंगांचा फोकस एकाच प्रतलात पडला नाही, तर डोळ्याला स्पष्ट दिसलेली प्रतिमा कागदावर धूसर उमटणार हे ठरलेले. म्हणून चांगल्या एन्लार्जर लेन्समध्ये रंगदोष काढून टाकण्यावर फार मेहनत घेतलेली असते, आणि हीच लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर लावून जुने कागद टिपताना अक्षरांच्या कडांना जांभळी-हिरवी किनार न दिसण्यामागे तीच जुनी मेहनत आहे.

निकॉनची एल-निक्कोर, श्नायडरची कॉम्पोनॉन-एस आणि रोडेनस्टॉकची रोडागॉन ही या घराण्यातली सर्वांत विश्वासाची नावे होत, आणि या तिन्ही मालिकांतल्या 50 मिलिमीटरच्या एफ/2.8 (म्हणजे ॲपर्चरचा सर्वांत मोकळा आकडा 2.8 असलेल्या) लेन्स सहा भिंगांच्या आहेत. चार भिंगांच्या लेन्समध्ये 75 मिलिमीटरची एल-निक्कोर एफ/4 येते, आणि तीही योग्य कामासाठी उत्तम आहे. श्नायडरची कॉम्पोनार मात्र तीनच भिंगांची आहे. नावात कॉम्पोनॉनपासून शेवटच्या दोन अक्षरांचाच फरक असल्यामुळे घेणाऱ्याने ते नीट वाचून घ्यावे. सोव्हिएत बनावटीची वेगा-11यू आणि चेकोस्लोव्हाकियातल्या मिओप्टाच्या लेन्सही अधूनमधून हाती लागतात.

(दृश्य: मंगळवार पेठेतला जुना बाजार, रविवारची सकाळ.)

पुण्यात दर बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, घड्याळे, कुलुपे आणि पितळी समयांच्या गर्दीत, या लेन्स कधीकधी आपले एन्लार्जर हरवून बसलेल्या दिसतात. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतल्या, महाविद्यालयांतल्या आणि पेठांमधल्या स्टुडिओंच्या डार्करूम बंद झाल्या, तशी तिथली सामग्री माळ्यावर गेली किंवा भंगारात निघाली. स्टुडिओत 120च्या रोलवर चौकोनी निगेटिव्ह काढणारे कॅमेरे वापरात होते. त्या निगेटिव्हला 75 किंवा 80 मिलिमीटरची लेन्स लागते, कारण एन्लार्जर लेन्सचे नाभीय अंतर (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेले माप) साधारणपणे निगेटिव्हच्या कर्णाएवढे घेतात.

लेन्स हातात आली की ती टॉर्चच्या प्रकाशात आरपार पाहावी. पावसाळ्याचे चार महिने बंद कपाटात राहिलेल्या लेन्सवर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तिचे तंतू सुरुवातीला काचेच्या पृष्ठभागावरच असतात, पण दीर्घकाळ तसेच राहिले तर लेपनाला आणि पुढे काचेलाही कायमचे खरवडतात. दोनचार धूलिकण किंवा पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडा प्रतिमेला फारसा बाधक होत नाही. संपूर्ण काचेवर पसरलेला धुरकटपणा मात्र कॉन्ट्रास्ट खाऊन टाकतो, आणि तो आतल्या भिंगांवर असेल तर ती लेन्स सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता प्रश्न जोडणीचा. बहुतेक 50 मिलिमीटर एन्लार्जर लेन्सचे आटे 39 मिलिमीटर व्यासाचे आणि एका इंचात 26 या हिशेबाचे असतात; जुन्या लायका कॅमेऱ्यांच्या लेन्सचे आटेही याच मापाचे. काही जुन्या लेन्सना 25 किंवा 32.5 मिलिमीटरचे आटे असतात. 39चे 42 करणारी पातळ रिंग, तिच्यामागे फिरवल्यावर लांब-आखूड होणारे हेलिकॉइड आणि शेवटी कॅमेऱ्याच्या माउंटचा, म्हणजे लेन्स बसवण्याच्या कड्याचा, ॲडॉप्टर, एवढे तीन भाग पुरतात, आणि ते तयार मिळतात. मिळाले नाहीत तर भोसरी-पिंपरीच्या पट्ट्यात लेथवर ॲल्युमिनियमची रिंग काढून देणारे कारागीर आहेत. त्यांना सांगताना एवढे आवर्जून सांगावे, की हे आटे मेट्रिक नाहीत. 26 आट्यांच्या हिशेबाने दोन आट्यांमधले अंतर 0.977 मिलिमीटर येते. त्याऐवजी 1 मिलिमीटरचे आटे पाडले, तर लेन्स काही फेऱ्या सुरळीत फिरते आणि मग अडकते, आणि तिथे जोर लावला तर लेन्सचेच आटे जातात.

आत आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांनी या लेन्सना नवे आयुष्य दिले, त्याचे कारण साध्या अंतरात आहे. 50 मिलिमीटरची एन्लार्जर लेन्स दूरच्या वस्तूवर फोकस व्हायची असेल, तर तिच्या आट्यांच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत ढोबळमानाने 43 मिलिमीटर अंतर लागते. निकॉनच्या आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यांत माउंटपासून सेन्सरपर्यंतच 46.5 मिलिमीटर जातात, म्हणून तिथे ही लेन्स केवळ जवळच्या वस्तूंसाठी उरते. सोनीच्या ई-माउंटमध्ये तेच अंतर 18 मिलिमीटर आणि निकॉनच्या झेड-माउंटमध्ये 16 मिलिमीटर आहे, त्यामुळे हेलिकॉइडला भरपूर जागा राहते. दूरच्या बिंदूवर जुळवल्यानंतर हेलिकॉइड आणखी 10 मिलिमीटर पुढे सरकले, की प्रतिमा वस्तूच्या एक पंचमांश आकाराची होते, म्हणजे 36 मिलिमीटर रुंद सेन्सरवर 18 सेंटिमीटर रुंद कागद मावतो. कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये लेन्सशिवाय शटर चालू देण्याची सोय सुरू करावी लागते, आणि सेन्सर स्थिर ठेवणारी यंत्रणा असल्यास तिला नाभीय अंतर हाताने सांगावे लागते.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. कॉम्पोनॉन-एससारख्या लेन्समध्ये अंधारात ॲपर्चरचे आकडे उजळावेत म्हणून कडेला एक पारदर्शक खिडकी ठेवलेली असते. एन्लार्जरमध्ये दिव्याचा प्रकाश तिच्यातून बाहेर येत असे. कॅमेऱ्यावर उलट होते आणि बाहेरचा प्रकाश आत शिरून चित्र फिकट करतो. लेन्स आणि ॲडॉप्टर यांच्यामधली ती वाट काळ्या टेपने पूर्ण बंद करावी. पुढे हूडही लावावे, कारण बाजूने येणाऱ्या उन्हाचा विचार या लेन्सच्या रचनेत केलेलाच नसतो.

80 मिलिमीटरच्या लेन्सने माणसांचे फोटोही चांगले येतात आणि मागची पार्श्वभूमी शांत दिसते, हे खरे आहे. तरीही जुनी लेन्स म्हणून तिच्यातून काही गूढ, स्वप्नाळू प्रतिमा मिळेल या आशेने कोणी ती घेऊ नये. तिचा स्वभाव नेमका उलटा, काटेकोर आहे, आणि तो काटेकोरपणा जिथे कामाला येतो तिथे ती आजही महागड्या मॅक्रो लेन्सच्या शेजारी मान ताठ ठेवून उभी राहते.

(दृश्य: मोडी लिपीतील कागद, त्यावर तिरपा पडणारा प्रकाश.)

पुणे हे कागदांचे शहर आहे. 1910 मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पेशवे दफ्तर यांची नावे सर्वांना ठाऊक आहेत, पण त्याहून कितीतरी कागद घराघरांत आहेत: मोडीतली खरेदीखते, देवस्थानांचे हिशेब, आजोबांच्या वह्या आणि स्टुडिओत काढलेल्या लग्नाच्या फोटोंची निगेटिव्ह. मोडी लेखनात ओळीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोरू फारसा न उचलता अक्षरे जोडलेली असतात, त्यामुळे कडेची दोन अक्षरे धूसर झाली तरी वाचणाऱ्याचा शब्द तुटतो. मोबाइलवर घाईत काढलेल्या फोटोत नेमके हेच होते. सपाट प्रतलासाठी बनवलेल्या लेन्सची गरज इथे आहे.

या कामासाठी जुन्या एन्लार्जरचा खांबही उपयोगी पडतो. दिव्याचे डोके उतरवून त्याच्या जागी पाव इंची बोल्टने कॅमेरा खाली तोंड करून बसवला, की जड पाट, मजबूत खांब आणि हँडलने वरखाली होणारी गाडी असा कॉपी-स्टँड तयार होतो. दोन्ही बाजूंना 45 अंशांत सारखे दिवे ठेवावेत. कॅमेरा कागदाला समांतर आहे का हे पाहण्यासाठी कागदाच्या जागी एक लहान आरसा सपाट ठेवावा आणि लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यभागी येईपर्यंत कॅमेरा जुळवावा. स्पिरिट लेव्हलपेक्षा ही रीत मला अधिक भरवशाची वाटते, कारण टेबल स्वतः तिरके असले तरी ती फसत नाही.

शिवराईसारखे साधारण 2 सेंटिमीटरचे नाणे किंवा 35 मिलिमीटरचे निगेटिव्ह टिपताना प्रतिमा जवळपास मूळ आकाराची होते आणि प्रकाशाचा हिशेब बदलतो. मूळ आकाराच्या प्रतिमेला लेन्सवरचे एफ/8 हे प्रत्यक्षात एफ/16 इतके होते, आणि त्याहून बंद केले तर विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, बारकावे पुसट होऊ लागतात. म्हणून एफ/2.8ची लेन्स दोन स्टॉप (ॲपर्चरचे दोन टप्पे) बंद करून एफ/5.6 वर ठेवावी. प्रतिमा मूळ वस्तूहून मोठी हवी असेल, तर लेन्स उलटी बसवावी, कारण लहान निगेटिव्हकडे असणारी तिची मागची बाजू तेव्हा लहान वस्तूकडे हवी. सर्वसाधारण एन्लार्जर लेन्स मूळ आकाराच्या प्रतिमेसाठी आखलेली नसते, त्यामुळे पूर्ण फ्रेमच्या, म्हणजे 36 मिलिमीटर रुंद सेन्सरवर निगेटिव्ह टिपताना कोपऱ्यांची तपासणी अधिक कसून करावी. लहान, एपीएस-सी सेन्सरवर निगेटिव्ह लहान होऊन उतरते आणि लेन्स तिच्या मूळ कामाच्या अधिक जवळ राहते.

पहिली फाइल पूर्ण मोठी करून चारही कोपरे एकेक करून पाहावेत. एकच कोपरा मऊ असेल तर दोष बहुधा लेन्सचा नसून समांतरतेचा असतो, आणि कॅमेऱ्याच्या बैठकीखाली कागदाची एक घडी सरकवून तो जातो. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर आणखी एक स्टॉप बंद करून पाहावे. हे एकदा जमले, की हेलिकॉइड टेपने पक्के करावे, दिवे हलवू नयेत आणि संपूर्ण दफ्तर त्याच मांडणीत, पानामागून पान, टिपून घ्यावे.