अबोल माणसाच्या ओळखी

श्रोतेहो, नमस्कार.

"नोकरीधंद्यात ओळखी लागतात, चारचौघांत मिसळायला शीक," हे अबोल माणसानं लहानपणापासून ऐकलेलं असतं. मग तो एखाद्या परिसंवादाला जातो, चहाचा कप घेऊन भिंतीलगत उभा राहतो, मोबाइल बघतो आणि घरी येतो. हे आपलं काम नव्हे, अशी मनाशी खूणगाठ बांधतो. ती गाठ आज सोडवायची आहे, कारण उपयोगी पडणाऱ्या बऱ्याचशा ओळखी त्याच्याकडे आधीच असतात.

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एक निरीक्षण मांडलं. बोस्टनच्या एका उपनगरात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, की ज्यानं ही बातमी दिली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? 'वारंवार' म्हणणारे जेमतेम १७ टक्के निघाले. बाकीच्यांच्या भेटी अधूनमधून किंवा क्वचितच व्हायच्या. असं का? जिवलग मित्राला बहुतेक तेच माहीत असतं, जे आपल्याला माहीत असतं. नवी बातमी आणतो तो दूरचा, पातळ ओळखीचा माणूस.

तेव्हा एक वही घ्या. जुने सहकारी, कॉलेजातले वरच्या वर्गातले, प्रशिक्षणात शेजारी बसलेले, अशी वीस नावं लिहा. आठवड्याला एकालाच संदेश पाठवा. अबोल माणसाला लिहायला वेळ मिळाला की तो नेमकं लिहितो, हे त्याचं बळ आहे. उदाहरणार्थ, हा संदेश ऐका:

"नमस्कार मॅडम. २०१९ मध्ये नाशिकच्या प्रकल्पावर मी आपल्या हाताखाली होतो. सध्या औषध कंपनीत गुणवत्ता विभागात आहे. व्हॅलिडेशनच्या कामाकडे वळायचा विचार आहे. त्यासाठी आधी काय शिकावं, एवढं विचारायचं होतं. सोयीच्या दिवशी पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का? सध्या गडबडीत असाल तरी हरकत नाही."

कुठली ओळख, आता कुठे आहे, एकच प्रश्न, किती वेळ हवा आणि नाही म्हणायला मोकळी वाट, सगळं यात आलं. बिघडतं कुठे? नुसतं "हाय सर, कसे आहात?" लिहून थांबलात, की यामागे काहीतरी मागणी येणार हे समोरच्याला कळतं आणि तो उत्तर लांबणीवर टाकतो. पहिल्याच संदेशाला बायोडेटा जोडून "काही असेल तर बघा" म्हटलंत, तर जी नोकरी त्याच्या हातात नाही तिची जबाबदारी तुम्ही त्याच्यावर टाकता. मग तो संकोचून गप्प बसतो. सल्ला मात्र माणसं आनंदानं देतात. उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करून द्या, आणि तिथेच थांबा.

कार्यक्रमाला जायचंच असेल, तर वीस मिनिटं आधी पोहोचा. हॉल रिकामा असतो, घोळके जमलेले नसतात आणि एकटा आलेला दुसरा कुणीतरीही बोलायला माणूस शोधत असतो. चहाच्या सुट्टीत खांद्याला खांदा लावून गोल करून उभे असलेल्यांत शिरू नका. दोघंच असतील आणि एक बाजू मोकळी ठेवून उभे असतील, तिथे जा. "आपण काय करता?" याचं उत्तर एका शब्दात संपतं. "आजच्या विषयाशी तुमचं काम कुठे जुळतं?" असं विचारा, आणि उत्तरातलाच एखादा धागा धरून पुढचा प्रश्न विचारा. दोन माणसांशी नीट बोलणं झालं, की खुशाल निघा. निघताना, "बरं वाटलं बोलून, जरा पुढे जाऊन बसतो," एवढं पुरतं. काय बोलणं झालं ते त्यांनी दिलेल्या व्हिजिटिंग कार्डाच्या मागे तिथल्या तिथे टिपा, नाहीतर संध्याकाळपर्यंत चेहरे आणि नावं एकमेकांत मिसळतात. त्या टिपणावरून दोन दिवसांत चार ओळी पाठवा.

आता सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट. मॅडमनी एखादा अभ्यासक्रम सुचवला, तुम्ही तो केलात, आणि त्यांना कळवलंच नाहीत. आपण दिलेल्या सल्ल्याचं पुढे काय झालं, हे फार थोड्यांना कळतं. महिन्याभरानं "तुम्ही सांगितलेला अभ्यासक्रम पूर्ण केला, त्यातला दुसरा भाग आमच्या कामात लगेच उपयोगी पडला," असं लिहिलंत, तर पुढच्या वेळी जागा निघाल्यावर त्यांना तुमचं नाव आठवेल. म्हणून वहीत नावापुढे एक रकाना आधीच आखून ठेवा: 'परत कळवलं का?'

नमस्कार.