९९ टक्के शिसं गेलं, पण उरलं किती?

नमस्कार. झाडपाल्यापासून बनवलेल्या नॅनो कार्बनने, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म कणांनी, पाण्यातले विषारी धातू कसे काढायचे, हा आजचा विषय. तो सांगणारच आहे, पण त्याआधी एक गोष्ट फार दिवस मनात सलतेय ती बोलून घेतो, कारण अशी ऐकून घेणारी माणसं रोज भेटत नाहीत.

या विषयावरचे पेपर, म्हणजे शोधनिबंध, उघडा, पहिल्याच परिच्छेदात दिमाखात लिहिलेलं असतं, ९९ टक्के शिसं काढलं. मी आधी खाली बघतो, सुरुवातीला पाण्यात होतं किती? बऱ्याचदा लिटरला १०० मिलिग्रॅम, तेही डिस्टिल्ड वॉटरमध्ये स्वतःच घातलेलं. आता करा हिशोब. १०० मधले ९९ गेले, उरलं १ मिलिग्रॅम, म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. आणि जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी दिलेला आकडा आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम. म्हणजे ९९ टक्के काढूनसुद्धा शंभरपट शिसं शिल्लक! हे पाणी तुम्ही लेकराला पाजाल का? एका चर्चेत मी हेच विचारलं तर उत्तर आलं की टक्केवारी चांगली दिसते ना, मग झालं. मला तेव्हा राग आला होता आणि आजही येतो.

उलट बाजूने बघा. समजा विहिरीच्या पाण्यात लिटरला ३० मायक्रोग्रॅम शिसं आहे. ते दहावर आणायला ६७ टक्के काढलं तरी पुरे, ऐकायला किती किरकोळ वाटतं, पण तिथे शिशाचे आयन, म्हणजे धनभारित कण, इतके विरळ आणि त्याच पाण्यात कॅल्शियम ६० मिलिग्रॅम असेल तर तो वजनाने शिशाच्या २००० पट, सगळे कार्बनवरच्या त्याच चिकटायच्या जागांवर टपलेले. खरी परीक्षा ही आहे. (आणि कुणी म्हणेल उकळून पिऊ, तर बाबांनो, उकळून जंतू मरतात, धातू तसाच राहतो, पाणी आटलं की उलट जास्त दाट होतो.)

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत, तेव्हा आता भराभर सांगतो.

भाताचं तूस, करवंटी, संत्र्याची साल, काहीही घ्या. एक रस्ता म्हणजे हवा न देता ५०० ते ७०० अंशांवर भाजायचं, मग पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर पुन्हा तापवायचं, ग्रॅमला १००० चौरस मीटरच्या वर पृष्ठभाग मिळू शकतो. दुसरा रस्ता, टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या बंद भांड्यात पाण्याबरोबर १८०-२०० अंशांवर काही तास, त्यातून कार्बन डॉट्स निघतात, साधारण १० नॅनोमीटरहून लहान. अल्ट्राव्हायोलेटखाली ते चमकतात आणि पारा आला की बऱ्याचदा चमक मंदावते, म्हणून पाणी तपासायलाही वापरतात. पृष्ठभागाचा, म्हणजे सरफेस एरियाचा, मात्र फार उदोउदो होतो. शिसं, कॅडमियम धरून ठेवण्याचं बरंचसं काम करतात ते पृष्ठभागावरचे कार्बॉक्सिल आणि हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन असलेले अणूंचे छोटे पुंजके. पाणी अॅसिडिक असलं की त्या जागा हायड्रोजन आयन बळकावतात, धातू तसाच निघून जातो. क्रोमियम सहाचं, म्हणजे क्रोमियमच्या विषारी रूपाचं, नेमकं उलटं, तो ऋणभारित असतो, अॅसिडमध्ये छान चिकटतो आणि कार्बन त्याला इलेक्ट्रॉन देऊन बऱ्याच कमी विषारी क्रोमियम तीनमध्ये बदलतो. आर्सेनिक साध्या कार्बनला फारसं जुमानत नाही, कार्बनवर लोहाचं ऑक्साइड चढवावं लागतं, ते मॅग्नेटाइट असेल तर काम झाल्यावर चुंबकाने सगळं ओढून घेता येतं.

हे ओढून घेणं महत्त्वाचं आहे, कारण इतके बारीक कण पाण्यातच राहिले तर ते गाळणार कशाने? म्हणून ते अल्जिनेटच्या, म्हणजे समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या जेलसारख्या पदार्थाच्या, मण्यांत अडकवतात. मग वापरलेला कार्बन अॅसिडने धुतात, पुन्हा वापरतात, चार-पाच फेऱ्यांचा ग्राफही देतात. पण काढलेलं सगळं शिसं आता त्या अॅसिडमध्ये आहे, त्या अॅसिडचं पुढे काय केलं हे मी पेपरात शोधतो आणि बहुतेक वेळा एक ओळही सापडत नाही. बरं, प्रश्न घेऊया.