बर्फाच्या धुळीने धरून ठेवलेल्या लहरी

[दृश्य: उत्तर नॉर्वे, ट्रोम्सोजवळचं रामफ्योर्डमोएन. मध्यरात्रीचा उजेड, अँटेनांच्या रांगा.]

जून-जुलैत इथे बहुतेक दिवस सूर्य मावळत नाही. पण याच दिवसांत, 80 ते 90 किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या वातावरणातली सर्वांत कडक थंडी पडते. पारा उणे 130 अंशांच्याही खाली जातो. उल्का जळून उरलेल्या धुराच्या कणांवर तिथे बर्फ धरतो. हे कण फार तर काही दशक नॅनोमीटरचे. एकेका कणाला बहुधा एकच इलेक्ट्रॉन चिकटतो, आणि तेवढ्याने सगळं चित्र बदलतं.

[दृश्य: रडारचा पडदा, 85 किलोमीटरवर ठळक पट्टा.]

हा पट्टा म्हणजे त्या बर्फाच्या थरातून परत आलेला रडारचा प्रतिध्वनी. इथल्या 224 मेगाहर्ट्झच्या रडारची तरंगलांबी 1.34 मीटर. त्याला प्रतिध्वनी मिळतो तो निम्म्या लांबीच्या, म्हणजे 67 सेंटिमीटरच्या इलेक्ट्रॉन-लहरींवरून, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या दाट-विरळ रचनेवरून. एवढ्या उंचीवरच्या विरळ हवेत इतके बारीक भोवरे टिकत नाहीत, श्यानता, म्हणजे हवेचा चिकटपणा, ते आधीच विरवून टाकते. मग लहरी येतात कुठून? मोठ्या भोवऱ्यांनी हवा ढवळली की भारित बर्फकणांचे दाट-विरळ पट्टे तयार होतात. कण जड, त्यामुळे ते पसरतात अगदी सावकाश. इलेक्ट्रॉन हलके खरे, पण विद्युतक्षेत्र त्यांना कणांशी बांधून ठेवतं. कणाची त्रिज्या दुप्पट झाली की लहर चौपट काळ टिकते. खळबळ शमल्यावरही पडद्यावर पट्टा दिसत राहतो, तो यामुळे.

याची पडताळणी फार सुंदर आहे. शेजारच्या शक्तिशाली प्रक्षेपकातून 4 ते 8 मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी वर सोडायच्या. बर्फ तापत नाही, फक्त इलेक्ट्रॉन तापतात, वेगाने पसरू लागतात, आणि प्रतिध्वनी क्षणात कोसळतो. ही झाली पहिली खूण. दुसरी त्याहून बोलकी. तापलेले इलेक्ट्रॉन कणांवर जास्त संख्येने चिकटतात. प्रक्षेपक बंद केला की इलेक्ट्रॉन मिलिसेकंदांत थंड होतात, पण कणांवरचा जादा भार लगेच उतरत नाही. प्रतिध्वनी मूळ पातळी ओलांडून वर उसळतो आणि मग हळूहळू खाली येतो.

[दृश्य: आलेख. घसरण, उसळी, उतार.]

ही उसळी पकडायची तर वेळापत्रक नेमकं लागतं: 20 सेकंद चालू, 160 सेकंद बंद. चालू-बंद काळ सारखे आणि छोटे ठेवले तर कणांचा भार पूर्ववत होण्याआधीच पुढचा तडाखा बसतो आणि उसळी दबून जाते. लांबलेल्या विश्रांतीत वारा नवे, जादा भार न चढलेले कण झोतात आणून सोडतो. ध्रुवीय प्रकाशाच्या वेळी आणखी एक अडचण: खालच्या थरांत आयनीभवन (अणू-रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटणं) वाढतं, प्रक्षेपकाची ऊर्जा तिथेच शोषली जाते, आणि 85 किलोमीटरवर काहीच घडत नाही.

त्याच आवारातलं 930 मेगाहर्ट्झचं रडार त्याच पट्ट्यावर रोखलं तर बहुतेक वेळा पडदा रिकामा राहतो. त्याला लागतात 16 सेंटिमीटरच्या लहरी, आणि त्या 67 सेंटिमीटरच्या लहरींपेक्षा जवळजवळ 17 पट लवकर पुसल्या जातात. तिथेही रेघ उमटली, तर कण चांगले मोठे झाले आहेत असं समजायचं.