घाई केली की पान कडवट होतं

मर्यादित आवृत्तीची सिगार हातात आली की नजर आधी तिच्याभोवतीच्या कागदी पट्टीवरच्या आकड्याकडे जाते. आज आपण पानाकडे बघू. उदाहरणाला पाद्रोन या सिगार कंपनीची ‘फॅमिली रिझर्व्ह ४५’ घेऊ. १९६४ साली मायामीत सुरू झालेल्या या घराण्याच्या धंद्याला ४५ वर्षं झाली, त्या निमित्ताने ही सिगार आली. लांबी ६ इंच, जाडी ५२, म्हणजे इंचाच्या ६४ भागांपैकी ५२, साधारण २१ मिलिमीटर. आतला तंबाखू १० वर्षं मुरवलेला. इतकं मुरलेलं पान ऐन वेळी कुठून आणणार? साठा संपला की वळणं थांबतं.

पानं सगळी निकाराग्वाची. एस्तेलीच्या काळ्या, ज्वालामुखीच्या मातीतलं पान तिखट आणि दमदार, हलापा खोऱ्यातलं मऊ, गोडसर. झाडाच्या शेंड्याचं ‘लिगेरो’ पान जाड असतं, सावकाश जळतं, म्हणून वळणारा ते मधोमध ठेवतो. ते कडेला सरकलं तर सिगार एका बाजूने होडीसारखी जळते.

पेटवण्याआधी साठवण. आर्द्रता ६५ ते ६९ टक्के, तापमान १८ ते २१ अंश. मुंबईच्या पावसाळ्यात उघडी ठेवली तर पान फुगतं, ओढ जड होते, बुरशी धरते. नागपूरच्या उन्हाळ्यात तेच पान तडकतं. २४ अंशांच्या वर गेलं तर तंबाखूतल्या किड्याची अंडी उबतात आणि पानाला टाचणीएवढी भोकं पडतात.

टोपी, म्हणजे तोंडात धरायचं बंद टोक, फक्त २ मिलिमीटर कापा. टोपीची गोलाई संपते त्या खांद्याखाली पातं गेलं की बाहेरचं पान उलगडतं. न पेटवता एक झुरका घ्या. हवा अडत असेल तर पुढे चव मिळणार नाही. ब्यूटेनची ज्योत वापरा, पेट्रोलचा लायटर नको, त्याचा वास पानात बसतो. टोक ज्योतीच्या वर, न टेकवता, फिरवत शेका. मग फुंकर मारून बघा, निखारा कडेपर्यंत सारखा हवा.

आता खरी गोष्ट: मिनिटाला एक झुरका, त्याहून जास्त नाही. लोक पानाला कडू म्हणतात, पण बहुतेक वेळा ते पान घाईने तापवलेलं असतं. सिगार बोटांना गरम लागली की दोन मिनिटं थांबा. धूर छातीत घ्यायचा नाही. तोंडात फिरवून थोडासा नाकावाटे सोडा, मिऱ्याचा झणका तिथेच कळतो. चवींना आपल्या स्वयंपाकघरातली नावं द्या. सुरुवातीला मिरे आणि सुंठ, मध्यावर कोको, काळी कॉफी, शेंगदाण्याची भाजलेली सालं, कधी काकवीचा गोडवा. शेवटचा तिसरा भाग जड होत जातो. सोबतीला साधं पाणी पुरतं. तिखट जेवणानंतर लगेच ओढली तर निम्मी चव हातची जाते.

रिकाम्या पोटी मात्र नकोच. घाम फुटला, मळमळलं, तर तो निकोटीनचा झटका आहे. सिगार खाली ठेवा, गुळाचा खडा तोंडात टाका. धूर छातीत न घेतल्याने तोंडाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही, हे जाणूनच ज्याने त्याने ठरवावं.

राख दोन-तीन सेंटिमीटर झाली की हलकेच टेकवा, आपोआप सुटते. शेवटचं थोटूक चिरडू नका, घाण वास सुटतो. राखदाणीत तसंच ठेवा, काही मिनिटांत विझतं.