पूर्वेच्या तटावरून ग्वाल्हेर

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरचं सास-बहूचं मंदिर पाहून झालं, की पर्यटक गाडीकडे वळतात. मंदिर १०९३ सालचं, कोरीवकाम नजर खिळवणारं. पण आम्ही ग्वाल्हेरकर पाहुण्याला तिथून पुढे नेतो, पूर्वेच्या तटाशी. इथून सुमारे १०० मीटर खाली आमचं गाव पसरलेलं आहे. जन्मलो तिथे, शिकलो तिथे, म्हातारे होऊ तेही तिथेच.

डावीकडून सुरुवात करू. किल्ल्याच्या पायथ्याला बिलगलेलं ते जुनं ग्वाल्हेर. त्यातला मोठा घुमट मोहम्मद गौस यांच्या मकबऱ्याचा. त्याच आवारात तानसेनांची समाधी आहे. समोर रेल्वेचे रूळ, त्यापलीकडे मुरार, एके काळची इंग्रजांची छावणी.

आता तटाच्या कडेने थोडं दक्षिणेकडे सरका. हे लष्कर. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी इथे तळ दिला, आणि तो पुन्हा हललाच नाही. राहुट्यांच्या जागी वाडे उभे राहिले, पेठा वसल्या: दौलतगंज, जीवाजीगंज, कंपू, आणि मधोमध महाराज बाडा. आमच्यासारखी कितीतरी मराठी घरं त्या फौजेच्या मागोमाग आलेली. गच्च्यांच्या या दाटीत आपला वाडा कोणाला आधी सापडतो, यावर घरातली मुलं इथे अजूनही पैज लावतात.

झाडीतून डोकावणारा तो पांढरा जयविलास महाल. जयाजीराव शिंद्यांच्या काळात, १८७४ मध्ये तो पूर्ण झाला. त्याच्यापासून फार लांब नाही ती फूलबागेजवळची जागा, झाशीच्या राणीची समाधी. जून १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाई इथे लढता लढता पडल्या. जयाजीराव तेव्हा इंग्रजांच्या बाजूला होते.

महाल आणि समाधी इथून एकाच नजरेत मावतात. मला वाटतं, लष्करच्या मराठी माणसाने या तटावर येऊन दोन्हीकडे बघायला हवं, एकीकडे डोळेझाक न करता. कारण हा तटसुद्धा त्या गोष्टीबाहेर नाही. १८५८ नंतर किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८८६ मध्ये तो शिंद्यांना परत मिळाला, आणि त्याच्या बदल्यात त्यांनी झाशी शहर इंग्रजांना दिलं. राणीची झाशी देऊन आलेल्या दगडावर आपण उभे आहोत.

गाडीने यायचं तर उरवाईचा रस्ता आहे. तिथे कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती आहेत, त्या बघाच. पण पहिल्यांदा येत असाल तर गुजरी महालाच्या बाजूने पायी चढा. चढ दमवतो, पण पावलागणिक गाव खाली खाली जात राहतं. वाटेत चतुर्भुजाचं छोटं देऊळ लागतं, अखंड खडकात कोरलेलं. त्यातल्या ८७६ सालच्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे आहेत, आणि त्यांतलं शून्य आपल्या शून्यासारखंच गोल. जगभरातून लोक ते बघायला येतात. मजकूर मात्र घरगुती आहे: २७० हात लांब, १८७ हात रुंद जमीन देवाच्या फुलबागेसाठी, आणि रोज ५० माळा. इथे दम खायला बसा, घोटभर पाणी प्या.

पावसाळ्यात कधीही या. मे महिन्यात मात्र सकाळी आठच्या आत वर पोहोचा. त्यानंतर तटाच्या दगडाला हात लावता येत नाही.