गप्प बसणारा वर्ग

नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापक मित्रांनो, वर्गनियंत्रणावर बोला असे मला सांगण्यात आले, तेव्हा आयोजकांच्या डोळ्यांसमोर बहुधा गोंगाट करणारा वर्ग असावा. गोंगाटाचा वर्ग त्या मानाने सोपा असतो, कारण तिथे काय चालले आहे ते निदान ऐकू तरी येते. खरी कसोटी लागते ती तालुक्याच्या महाविद्यालयात एफ.वाय.बी.एस्सी.च्या शंभर-सव्वाशे मुलांपुढे उभे राहून "समजले का?" असे विचारल्यावर सगळीकडून एकाच सुरात "हो सर" येते तेव्हा. आज मी मुख्यतः त्या "हो सर"विषयी बोलणार आहे.

या वर्गातील बरीच मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात. अकरावीत इंग्रजी पाठ्यपुस्तक हातात पडते, पुढची दोन वर्षे सीईटी आणि नीटच्या बहुपर्यायी प्रश्नांत निघून जातात, आणि सर्वांसमक्ष तोंड उघडून चुकण्यापेक्षा मान डोलावलेली बरी, हे पदवीला येईपर्यंत त्यांना पुरते उमगलेले असते. शिवाय "समजले का?" या प्रश्नाला "नाही" म्हणणे म्हणजे आपले अज्ञान भर वर्गात जाहीर करणे, ते धाडस अठरा वर्षांच्या मुलाकडून का अपेक्षावे? म्हणून हा प्रश्न विचारणे मी सोडून दिले आहे. त्याऐवजी ज्याचे उत्तर चुकू शकते, पण चुकले तरी कोणाची शोभा होत नाही, असा प्रश्न मी विचारतो.

एक उदाहरण देतो. दगड सरळ वर फेकला. तो अगदी वरच्या टोकाला पोहोचतो त्या क्षणी त्याचे त्वरण किती? पर्याय तीन: शून्य, वरच्या दिशेने ९.८, खालच्या दिशेने ९.८. प्रत्येकाने मिनिटभर गप्प राहून विचार करायचा आणि शेजाऱ्याला दिसणार नाहीत अशी बोटे छातीशी धरून उत्तर दाखवायचे. निम्म्याहून अधिक मुले एक बोट दाखवतात, म्हणजे शून्य. योग्य उत्तर, म्हणजे तिसरे, मी त्या वेळी सांगत नाही. ज्याचे उत्तर वेगळे आहे अशा शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवून द्या, आणि मराठीतून बोललात तरी चालेल, एवढेच सांगतो. मग बाकांमधून फिरताना "थांबलाय ना तो, म्हणजे शून्यच" आणि त्यावर "थांबलाय, तर मग तिथेच का राहत नाही?" असे संवाद कानावर पडतात. हा प्रतिप्रश्न फळ्यावरच्या कोणत्याही स्पष्टीकरणापेक्षा सरस आहे. दुसऱ्यांदा बोटे वर होतात तेव्हा चित्र बरेच पालटलेले असते.

ही पद्धत माझी नव्हे. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रुजवली, कारण अवघड गणिते सोडवणारे त्यांचे विद्यार्थी साध्या संकल्पनात्मक प्रश्नांवर अडखळत होते. परदेशातले इथे चालत नाही, अशी शंका घेणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की तिला ना यंत्र लागते ना अनुदान. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना असे सहभागी करून घेणाऱ्या वर्गांच्या तुलनेत निव्वळ व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत नापास होण्याची शक्यता सुमारे दीडपट असते, असे त्यात आढळले.

प्रश्न विचारल्यावर थांबणे हे मात्र आपल्याला सर्वांत जड जाते. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी शाळांमधील विज्ञानाच्या तासांचा अभ्यास केला, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी सेकंदभरच थांबतात असे त्यांना दिसले; ही वेळ तीन सेकंदांवर नेताच उत्तरे लांबली आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागली. इंग्रजीतला प्रश्न मनातल्या मनात मराठीत आणून उत्तर पुन्हा इंग्रजीत नेणाऱ्या मुलाला तर तीन सेकंदही अपुरे पडतात.

शिस्तीबद्दल थोडक्यात. एस.टी. चुकल्यामुळे दहा मिनिटे उशिरा आलेल्या मुलीला दारात उभे करून जाब विचारल्याने तिचा तास बुडतो आणि वर्गाचे लक्षही उडते. तिने मागच्या दाराने येऊन बसावे, कारण तासानंतर विचारावे. मोबाईलवरून भर वर्गात वाद घालू नये. टोमणा तर कधीच मारू नये, कारण तो ऐकणारी मागची चाळीस मुले पुढचा महिनाभर प्रश्न विचारत नाहीत. पंचाहत्तर टक्के हजेरीचा धाक शरीर वर्गात आणतो, त्यापलीकडे त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

पोर्शन कसा पुरा होणार, हा प्रश्न तुमच्या चेहऱ्यांवर मला दिसतो आहे, आणि तो रास्त आहे. दोन क्रेडिटच्या विषयाला तीस तास मिळतात, आणि त्यांतले काही युवक महोत्सव व अंतर्गत परीक्षा यांत जातात. काहीतरी सोडावेच लागते, आणि मी सोडतो ते फळ्यावरून वहीत उतरवून घेणे. पुस्तकात छापलेली सिद्धता मी वर्गात पूर्ण लिहीत नाही; तिच्यातील जिथे पाय घसरतो त्या दोन पायऱ्या तेवढ्या घेतो. उदाहरणांपैकी एक पूर्ण सोडवतो, दुसरे निम्म्यावर सोडून देतो आणि पुढचा तास त्या निम्म्यापासूनच सुरू करतो.