'चमको'वाली मुलगी लिहिणाऱ्या सई परांजपे

नमस्कार मंडळी! दिल्लीतली एक बरसाती, म्हणजे गच्चीवरची भाड्याची खोली. दारात एक मुलगी उभी. 'चमको' नावाची कपडे धुण्याची पावडर विकायला आलीय. आत अर्थशास्त्राचा अभ्यास करणारा एक लाजराबुजरा मुलगा. ती त्याचा मळका टॉवेल धुऊन दाखवते आणि तो बघत राहतो. प्रेमाबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, पण आपल्याला सगळं कळलेलं असतं.

'चश्मे बद्दूर', १९८१. दीप्ती नवल आणि फारुख शेख. पटकथा, संवाद, दिग्दर्शन सई परांजपे. आज त्यांच्याबद्दल बोलायचंय, आणि मुख्यतः त्यांच्या लेखणीबद्दल.

सई म्हणजे गणितज्ञ रँग्लर परांजपे यांची नात आणि शकुंतला परांजपे यांची मुलगी. आठव्या वर्षी पहिलं पुस्तक छापून आलं, 'मुलांचा मेवा'. पुढे पुणे आकाशवाणी, दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, मग दिल्ली दूरदर्शन. रेडिओवर चेहरा दिसत नाही. माणूस उभा करायचा तो नुसत्या बोलण्यातून. त्यांच्या पात्रांचं बोलणं इतकं खरं वाटतं, त्याचं मूळ मला तिथे दिसतं.

आता 'स्पर्श'कडे येऊ. माझ्या मते त्यांची सगळ्यात भक्कम पटकथा हीच.

अनिरुद्ध अंध मुलांच्या शाळेचा मुख्याध्यापक आहे आणि स्वतःही अंध आहे. ही भूमिका नसीरुद्दीन शाह यांची. कविता, म्हणजे शबाना आझमी, ही तरुण विधवा. तो डॉक्टरकडे निघालेला असतो, वाटेत गाण्याचा आवाज ऐकतो आणि भलत्याच दारी जाऊन पोचतो. ते दार कविताचं. भेट कशी घडवलीय बघा! त्याला ती दिसणारच नाही, म्हणून आधी तिचा आवाज त्याच्यापर्यंत पोचतो.

अनिरुद्धचं म्हणणं एकच : मदत चालेल, दया नको. लग्न ठरतं आणि तिथेच त्याला शंका छळायला लागते. ही माझ्यावर प्रेम करतेय, की त्याग करतेय? तो लग्न मोडतो. या गोष्टीत खलनायक नाही, घरच्यांचा विरोध नाही, पैशाची अडचण नाही. गाठ आहे ती त्याच्या स्वाभिमानाची. बाहेरून काहीही न घडता दोन माणसं दुरावतात आणि ते आपल्याला पूर्ण पटतं, हे लिहिणं फार अवघड आहे. बरं, अनिरुद्ध काही गरीब गाय नाही. तो चिडतो, टाकून बोलतो, अन्यायही करतो. तो अंध आहे म्हणून सईंनी त्याला कुठे सूट दिलेली नाही. त्याचा खरा मान राखला गेलाय तो यातूनच.

शूटिंग दिल्लीतल्या अंधांच्या संस्थेत झालं. सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट, पटकथा आणि अभिनेता असे तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. आणि तरीही चित्रपट प्रदर्शित व्हायला जवळपास चार वर्षं लागली. अजूनही वाईट वाटतं.

'कथा' आला १९८३ मध्ये, 'ससा आणि कासव' या मराठी नाटकावरून. मुंबईची चाळ. साधा, सरळमार्गी राजाराम नसीरुद्दीन आणि थापाड्या बाशू फारुख शेख. 'चश्मे बद्दूर'मधल्या त्या सज्जन मुलाला दोनच वर्षांत लबाड करून दाखवलं! बाशू सगळ्यांना टोप्या घालतो आणि सहीसलामत निसटतो. त्याला शिक्षा होत नाही. मला हे प्रामाणिक वाटतं, चाळीत काय, ऑफिसात काय, असे बाशू निसटतातच. पण त्याने फसवलेल्या संध्यापुढे राजाराम उभा राहतो. ती त्याला सगळं खरं सांगते आणि तो तिला तरीही स्वीकारतो. कुठलंही भाषण न ठोकता. १९८३ मध्ये!

नंतर 'साज' वगैरे चित्रपट झाले, दूरदर्शनवर 'अडोस पडोस' ही मालिका झाली, मराठी रंगभूमीवर 'जास्वंदी', 'सख्खे शेजारी' ही नाटकं झाली. २००६ मध्ये पद्मभूषण मिळालं. ५ एप्रिल २०१३ ला तर 'चश्मे बद्दूर'चा रीमेक आणि नव्याने झळाळी दिलेला मूळ चित्रपट एकाच दिवशी थिएटरात होते.

पण आज तुमच्याकडे एकच हट्ट आहे : 'दिशा' बघा. १९९० चा. पाणी नाही म्हणून गाव सोडून मुंबईच्या गिरणीत आलेली माणसं, नाना पाटेकर, रघुवीर यादव, एकाच गाळ्यात दाटीवाटीने राहणारे कामगार, त्यांच्यात निळू फुले. आणि तिकडे गावात ओम पुरी, वर्षानुवर्षं एकट्याने विहीर खणतोय. लोक त्याला वेडा म्हणतात. सई त्याला एकदाही वेडा ठरवत नाहीत.

बघून झाला की त्या विहिरीबद्दल मला खाली लिहा. मी वाट बघतोय.